पहिला अंदाज कुठून आणायचा? अंतराळयानांचे मार्ग शोधणाऱ्यांच्या कामाविषयी

प्रश्न असा आला आहे: "मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अंतराळयानांच्या मार्गांवर संशोधन करावं, पुढे याच विषयात प्राध्यापक व्हावं असं मनात आहे. घरचे विचारतात, न्यूटनचे नियम कधीच सापडलेत, आकडेमोड संगणक करतो, मग हे प्राध्यापक आयुष्यभर नक्की करतात तरी काय? मला उत्तर देता आलं नाही. मॅडम, तुम्ही सांगाल का?"

घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या आईनेही तो मला विचारला होता, आणि तेव्हा मलाही धड सांगता आलं नव्हतं. आता या विषयात पंचवीस वर्षं झाली, शिकण्यात, शिकवण्यात आणि रात्री-अपरात्री संगणकावर रन लावून बसण्यात. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी घरच्यांच्या म्हणण्यातलं जे खरं आहे ते मान्य करू. पृथ्वी आणि तिच्याभोवती फिरणारं यान, एवढ्या दोनच वस्तू असतील तर प्रश्न सुटलेलाच आहे. लंबवर्तुळ, परवलय, अपास्त, ही सूत्रं न्यूटनच्या १६८७च्या ग्रंथापासून आपल्याकडे आहेत. यान आज कुठे आहे आणि किती वेगाने जातंय ते सांग, दहा वर्षांनी ते कुठे असेल ते कागदावर काढता येतं. अडचण तिसरी वस्तू आली की सुरू होते. सूर्य, पृथ्वी आणि यान, किंवा पृथ्वी, चंद्र आणि यान. यासाठी असं सरसकट सूत्र नाही. ऑयलरने १७६७मध्ये आणि लग्रांजने १७७२मध्ये काही खास जागा शोधल्या, जिथे यान दोन्ही मोठ्या वस्तूंबरोबर तसंच फिरत राहू शकतं. त्यांनाच आपण आज एल-१ ते एल-५ म्हणतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्वाँकारेने दाखवलं की इथे सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पुढचा सगळा मार्ग बदलू शकतो.

मग संगणक काय करतो? त्याला सुरुवातीचे सहा आकडे द्यायचे, तीन जागेचे आणि तीन वेगाचे. तो पावलापावलाने यान पुढे सरकवतो आणि ते कुठे पोचतं ते सांगतो. पण मला हवं असतं याच्या बरोबर उलट. यान कुठे पोचायला हवं हे मला माहीत असतं, सहा आकडे माहीत नसतात. म्हणून आधी एक अंदाज करायचा, मार्ग काढायचा, किती चुकला ते बघायचं, अंदाज सुधारायचा, पुन्हा काढायचा. ही सुधारणा करायची पद्धतही न्यूटनचीच. ती झकास चालते, पण एका अटीवर: पहिला अंदाज उत्तराच्या जवळपास असला पाहिजे. लांबचा अंदाज दिला की उत्तर भलतीकडेच पळतं, किंवा संगणक रात्रभर चालून सकाळी निरर्थक आकडे पुढे ठेवतो.

तो पहिला अंदाज कुठून आणायचा हे शिकण्यात माझ्यासारख्यांचं आयुष्य जातं. घरच्यांना एका वाक्यात सांगायचं झालं तर हेच सांग.

पीएचडीच्या पहिल्या सहा महिन्यांत माझी एकही कक्षा मिटली नव्हती. मिटली म्हणजे निघाली तिथे परत आली. मी रोज आकडे बदलायची आणि रोज यान तिसऱ्याच दिशेला निघून जायचं. कोडमध्ये चूक असणार असं धरून मी तो तीनदा पहिल्यापासून लिहिला. कोड बरोबरच होता. ज्या भागात तशी कक्षाच नव्हती, त्या भागात मी ती शोधत होते. माझ्या मार्गदर्शकांनी एकही आकडा न बघता फक्त आलेख बघितला आणि म्हणाले, "थोडी चंद्राकडे सरक." सरकले, आणि दुसऱ्या दिवशी कक्षा मिटली. हे त्यांना कसं कळलं हा प्रश्न मला पुढे कित्येक वर्षं पुरला.

त्याचं उत्तर मला उमगलं ते सह्याद्रीच्या भाषेत. देशावरून कोकणात उतरायचं तर कुठूनही कडा उतरता येत नाही. डोंगररांगेत जिथे खिंड असते तिथून वाट जाते, कारण तिथे चढ सगळ्यात कमी असतो. पृथ्वी-चंद्र किंवा सूर्य-पृथ्वी यांच्या गुरुत्वाच्या प्रदेशात एल-१ आणि एल-२ या अशाच खिंडी आहेत. ही नुसती उपमा नव्हे. गणितातही त्यांना घोड्याच्या खोगिरासारखा आकार आहे, एका दिशेने चढ आणि दुसऱ्या दिशेने उतार. खिंडीतून घाटवाटा निघतात तशा या बिंदूंजवळच्या कक्षांपासून मार्गांच्या अदृश्य नळ्या निघतात. एका नळीत शिरलेलं यान जवळजवळ इंधन न जाळता कक्षेपर्यंत ओघळत येतं, दुसरीतून ते बाहेर वाहून जातं. धनगराला रानातल्या वाटा पाठ असतात तशा या नळ्या ज्याला पाठ, त्याला पहिला अंदाज सुचतो. वाटाड्याची ही नजर यायला मात्र वर्षं लागतात.

आता एका खऱ्या माणसाच्या कामावरून सांगते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या प्राध्यापक कॅथलीन हॉवेल. आमच्या क्षेत्रात त्यांचं नाव माहीत नसलेला माणूस विरळा.

त्यांच्या आधीची थोडी पार्श्वभूमी हवी. रॉबर्ट फार्क्वार यांनी स्टॅनफर्डला १९६८मध्ये पीएचडी केली. चंद्राची पलीकडची बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही, मग तिथल्या यानाशी बोलायचं कसं? त्यांनी सुचवलं की चंद्रापलीकडच्या एल-२ भोवती संदेश पोचवणारं एक यान फिरत ठेवावं. पृथ्वीवरून बघितलं तर ते चंद्राभोवतीच्या प्रभावळीसारखं (इंग्रजीत हेलो) दिसेल, म्हणून त्या कक्षेला नाव पडलं हेलो कक्षा. अपोलोच्या काळात ही कल्पना वापरली गेली नाही. चंद्राच्या पलीकडे असं यान प्रत्यक्ष गेलं २०१८मध्ये, चीनचं छुएछ्याओ, आणि त्याच्याच भरवशावर ३ जानेवारी २०१९ला चांग-अ-४ चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं. कल्पनेपासून यानापर्यंत पन्नास वर्षं. मधल्या काळात फार्क्वार यांनी स्वस्थ न बसता तीच कक्षा सूर्य-पृथ्वीच्या एल-१ भोवती वापरून दाखवली. १२ ऑगस्ट १९७८ला सुटलेलं आयसी-३ हे हेलो कक्षेत गेलेलं पहिलं यान. पुढे चंद्राच्या जवळून पुन्हा पुन्हा नेऊन त्यांनी तेच यान एका धूमकेतूकडे वळवलं, आणि ११ सप्टेंबर १९८५ला ते जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून गेलं. मूळ मोहिमेत हे कुठेच नव्हतं. मार्गाच्या माणसाला नकाशा पाठ असला की काय होतं त्याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

हॉवेल स्टॅनफर्डला जॉन ब्रेकवेल यांच्या हाताखाली होत्या. हॉवेल यांची पीएचडी १९८३ची. त्या काळात काही मोजक्या हेलो कक्षा माहीत होत्या. हॉवेल यांनी त्यांचं अख्खं कुळ शोधून काढलं. एक कक्षा सापडली की तिचा एखादा आकडा किंचित बदलायचा, आधीचं उत्तर हाच पुढचा अंदाज, पुन्हा कक्षा मिटवायची, पुन्हा थोडं सरकायचं. खडकात पाय रोवत एकेक पाऊल टाकावं तसं. त्यात त्यांनी सममितीचा उपयोग असा केला की तो मी आजही पहिल्या तासाला शिकवते. कक्षेचे दोन सारखे भाग करणारा एक काल्पनिक पडदा मधे धरायचा, आणि कक्षा अशा जागी पकडायची जिथे ती हा पडदा काटकोनात ओलांडते. तिथे सहापैकी तीन आकडे आपोआप शून्य होतात. उरलेल्या तिनांतला एक आपण धरून ठेवायचा, दोनच सुधारायचे. आणि पूर्ण फेरी काढायची गरजच नाही. अर्ध्या फेरीनंतर पडदा पुन्हा काटकोनात ओलांडला, तर उरलेली अर्धी आरशातल्यासारखी जुळतेच.

त्यांचे आणि ब्रेकवेल यांचे यावरचे लेख १९८४मध्ये छापून आले. त्या कुळाच्या एका टोकाला विचित्र कक्षा होत्या: खूप लांबट, जवळजवळ सरळ रेषेसारख्या, चंद्राच्या एका ध्रुवाजवळून झपकन जाणाऱ्या आणि दुसऱ्या ध्रुवाच्या बाजूला दूरवर रेंगाळणाऱ्या. त्या वेळी कुणालाही त्यांचा उपयोग नव्हता. कुठलीही मोहीम डोळ्यांसमोर नव्हती. कुळ पुरं करायचं म्हणून त्यांचाही माग काढला गेला.

पुढे चंद्राजवळ गेटवे नावाचं स्थानक ठेवायचं ठरलं तेव्हा नासाने नेमकी या टोकाची एक कक्षा निवडली. कारणं ऐक. हेलो कुळातल्या इतर कक्षांच्या मानाने ती खूपच शांत आहे, यान तिथे धरून ठेवायला वर्षाला थोडंसंच इंधन लागतं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर यानाची नजर फेरीचा बहुतेक वेळ राहते. पृथ्वी जवळजवळ सतत समोर असते. आणि फेरी साधारण साडेसहा दिवसांची, म्हणजे चंद्राच्या दोन महिन्यांत नऊ फेऱ्या, त्यामुळे पृथ्वीच्या सावलीत सापडणं टाळता येतं. ही कक्षा आजमावायला कॅपस्टोन नावाचं साधारण २५ किलोचं यान २८ जून २०२२ला न्यूझीलंडमधून सुटलं. तेही सरळ चंद्राकडे गेलं नाही. आधी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरपर्यंत लांब गेलं, तिथे सूर्याच्या ओढीने वळलं आणि सावकाश खाली आलं. वाटेत सप्टेंबरात एका झडपेच्या बिघाडामुळे ते जवळजवळ महिनाभर गरगरत होतं. तरी मार्ग शाबूत राहिला, आणि १३ नोव्हेंबरला ते ठरल्या कक्षेत पोचलं. १९८४चं कागदावरचं टोक, ३८ वर्षांनी त्यावर यान. त्या दिवशी मी वर्गात शिकवायचं सोडून मुलांना ते जुने आलेख दाखवले होते.

हॉवेल यांचं काम अर्थात तेवढ्यावर थांबलं नव्हतं. जेनेसिस ही मोहीम घे. सूर्यवाऱ्याचे कण गोळा करून पृथ्वीवर परत आणायचे होते. सूर्य-पृथ्वीच्या एल-१ भोवती फिरायचं, मग परतताना आधी एल-२च्या बाजूला एक वळसा घ्यायचा आणि युटाच्या वाळवंटात नेमकं दिवसाउजेडी उतरायचं, कारण ते कण असलेली कुपी हेलिकॉप्टरने हवेतच पकडायची होती. हॉवेल, त्यांचे विद्यार्थी ब्रायन बार्डन आणि नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचे मार्टिन लो यांनी त्या नळ्यांच्या ज्ञानावर असा मार्ग रचला की एल-१वरून निघून घरी यायला फारसं इंधन लागूच नये. उड्डाण लांबलं तेव्हा सगळं पुन्हा करावं लागलं, आणि नकाशा हाताशी असल्यामुळे ते करता आलं. ८ ऑगस्ट २००१ला यान सुटलं. ८ सप्टेंबर २००४ला कुपी परत आली, ठरल्या दिवशी, ठरल्या वाळवंटात. आणि तिची हवाई छत्री उघडलीच नाही. वेग कमी होतोय हे ओळखणारे सेन्सर उलटे बसवले गेले होते. कुपी ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीवर आदळली.

त्याची चित्रफीत मी अनेकदा बघितली आहे आणि अजून मन घट्ट करून बघावी लागते. तीन वर्षांचा, लाखो किलोमीटरचा मार्ग अचूक उतरला आणि शेवटच्या काही मिनिटांत हे. तरीही शास्त्रज्ञांनी वाळूतून तुकडे वेचले, वर्षानुवर्षं स्वच्छ केले, आणि २०११मध्ये सूर्यातल्या ऑक्सिजनचं मिश्रण पृथ्वीवरच्याहून वेगळं असल्याचे निकाल त्यातूनच छापून आले. मार्ग बरोबर होता म्हणून तर तुकडे वेचायला मिळाले.

आपल्याकडचंही सांगायलाच हवं, कारण घरच्यांना ते जवळचं वाटेल. सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं आदित्य-एल१ हे २ सप्टेंबर २०२३ला पीएसएलव्ही-सी५७वरून सुटलं आणि ६ जानेवारी २०२४ला सूर्य-पृथ्वीच्या एल-१ भोवतीच्या हेलो कक्षेत गेलं. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर, म्हणजे सूर्याच्या अंतराचा शंभरावा भाग. त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तयार झाली. मुलं नेहमी विचारतात, यान थेट एल-१ बिंदूवरच का ठेवत नाहीत? तिथे ठेवलं तर पृथ्वीवरून बघताना यानाच्या बरोबर मागे सूर्य येतो, आणि सूर्याच्या रेडिओ गोंगाटात यानाचा आवाज बुडून जातो. म्हणून एवढा मोठा फेर. एक फेरी साधारण १७८ दिवसांची. आणि ही जागा खिंड असल्यामुळे यान तिथे आपोआप टिकत नाही. एल-१जवळ साधारण २३ दिवसांत चूक पावणेतीन पट होते. आज एक किलोमीटरची चूक झाली आणि कुणी लक्षच दिलं नाही, तर सहा महिन्यांत ती दोन-अडीच हजार किलोमीटर होईल. म्हणून मधूनमधून इंजिन किंचित चालवावं लागतं. असं करत पहिली फेरी २ जुलै २०२४ला पुरी झाली. वर्तमानपत्रात त्याची बातमी चार ओळींची होती. आमच्यासाठी तो सण होता.

आता प्राध्यापकाच्या रोजच्या आयुष्याबद्दल. यात चमकदार असं फार थोडं आहे. आठवड्याचा मोठा भाग शिकवण्यात, पेपर तपासण्यात आणि निधीसाठी अर्ज लिहिण्यात जातो. दुसऱ्यांचे लेख तपासायचे असतात, आणि ते मन लावून करावं लागतं, कारण एखादं चुकीचं चिन्ह छापून गेलं की पुढे दहा जण त्यावर वर्षं घालवतात. आमच्या कामाला काचेची उपकरणं लागत नाहीत, मोठं यंत्र लागत नाही. एका संस्थेत मुलाखतीला गेले होते, तिथे मला विचारलं, "तुमची लॅब कुठे असेल?" मी फळा दाखवला. ती नोकरी मला मिळाली नाही. पण या गोष्टीची दुसरी बाजू अशी की हे काम लहान गावातल्या कॉलेजातूनही होतं. चांगला संगणक, वीज आणि निवांत वेळ एवढं पुरतं. त्यातला निवांत वेळ मिळवणंच सगळ्यात कठीण, विशेषतः घर सांभाळणाऱ्या बाईला. हे मी अनुभवाने सांगते आहे.

खरा आनंद विद्यार्थ्यांचा. यान तुझ्या हयातीत उडेल की नाही याची खात्री नसते, पण विद्यार्थी चार-पाच वर्षांत तयार होतो. हॉवेल यांचे विद्यार्थी अंतराळ संस्थांत, कंपन्यांत, इतर विद्यापीठांत पसरले आहेत, आणि आज एखाद्या मोहिमेच्या मार्गावर काम करणाऱ्या चमूत त्यांपैकी कुणी ना कुणी बरेचदा सापडतंच. माझे विद्यार्थी थोडे आहेत. त्यातल्या एकीने मागच्या वर्षी फोन करून सांगितलं, "मॅडम, माझा अंदाज पहिल्याच रनला लागला." मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

तू काय करावंस? मेकॅनिकल सोडू नकोस, पण डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनियर अल्जेब्रा परीक्षेपुरतं शिकून थांबू नकोस. आयगेनव्हॅल्यू म्हणजे काय हे बोटांत मुरलं पाहिजे, कारण खिंडीतून वाट कुठल्या दिशेने निघते ते त्याच सांगतात. नासाचं जीमॅट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते जरूर वापर, पण त्याआधी यान पावलापावलाने पुढे सरकवणारा रुंगे-कुट्टा पद्धतीचा कोड स्वतः लिही. गेट देऊन बंगळुरूच्या आयआयएससीत किंवा आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात जाता येतं, तिरुअनंतपुरमची आयआयएसटी आहे. इस्रोत मार्ग आखणारी मंडळी आहेतच. परदेशी जायचं असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू दे. अमेरिकेत विद्यापीठात हा विषय शिकायला परदेशी विद्यार्थ्याला अडचण नाही, पण तिथल्या यानांच्या प्रत्यक्ष मोहिमांवरच्या नोकऱ्या निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांमुळे परदेशी नागरिकाला फार कठीण जातात. माझ्या बरोबरीच्या काहींना हे डॉक्टरेट हातात आल्यावर कळलं आणि ते फार दुखावले गेले.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी एक काम कर. पृथ्वी-चंद्राचा सोपा नमुना घे, दोघांमधलं अंतर १ धर, चंद्राच्या वस्तुमानाचा वाटा ०.०१२१५ धर, आणि दोघांबरोबर फिरणाऱ्या अक्षांवर समीकरणं लिही. सुरुवातीला एक्स १.०२२०, झेड उणे ०.१८२१, वायचा वेग उणे ०.१०३३, बाकी तिन्ही शून्य. कॅपस्टोन ज्या कक्षेत गेलं तिच्याच हे अगदी जवळचे आकडे आहेत. फेरी १.५११ एककांची, म्हणजे साडेसहा दिवसांची. चार दशांशांवर मी मुद्दाम तोडले आहेत, त्यामुळे कक्षा नेमकी मिटणार नाही. झेड धरून ठेव, उरलेले दोन सुधार, अर्ध्या फेरीवर काटकोन साध. एक-दोन संध्याकाळी जातील. मिटली की झेड थोडा बदलून शेजारची कक्षा शोध, मग तिच्या शेजारची. कुठेतरी अडकशील. तिथे कुठले आकडे दिले होतेस आणि ते का दिलेस, एवढं मला लिहून पाठव.